संशयाचा फायदा

पोलीस सकाळी आले तेव्हा मी भाकरी थापत होते. एक हवालदार होता आणि एक शिपाई. नवरा मोरीवर तोंड धूत होता. हवालदार दारातूनच म्हणाला, "चल, साहेबांनी बोलावलंय." नवऱ्याने पंच्याने तोंड पुसलं, खुंटीवरचा शर्ट घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईला सांग, येतो जाऊन." आणि गेला.

"कशाला?" म्हणून त्याने विचारलं नाही.

तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मी तिथेच उभी होते. माणसाने काही केलं नसेल तर तो आधी "कशाला" विचारतो. पोलिसांनी दोन लगावल्या तरी चालेल, पण विचारतो. माझ्या बापाला एकदा चौकीवर बोलावलं होतं, तेव्हा त्याने अख्खी आळी गोळा केली होती. माझा नवरा मात्र कामावर निघाल्यासारखा निघून गेला.

आमची वस्ती नाशिकरोडच्या बाजूला, एकलहऱ्याच्या रस्त्याला. दारात उभं राहिलं की वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. वस्तीतली बरीचशी घरं बौद्धांची. कुणी रेल्वेत, कुणी कचेरीत शिपाई, आणि ज्यांना कायम नोकरी नव्हती ते ठेकेदारांकडे. नवरा अशाच एका ठेकेदाराच्या गोदामात होता. विजेच्या कामाचा माल उतरवायचा, वायरची रिळं लोटत न्यायची, मुकादम सांगेल ते करायचं. मी दहावीपर्यंत शिकलेली, विहारातल्या बालवाडीत मुलांना गाणी-गोष्टी शिकवायचे. सासूबाई द्वारकेच्या चौकात पालेभाजी घेऊन बसायच्या. लग्नाला दुसरं वर्ष होतं. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट.

दुपारी आम्ही दोघी चौकीवर गेलो. संध्याकाळपर्यंत बाहेरच्या फरशीवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याला कोर्टात नेलं तेव्हा कळलं, की गोदामातली तांब्याची वायर चोरीला गेलीय आणि तिचं पोतं आमच्या घराच्या मागून सापडलंय. त्यानेच पोलिसांना घरी आणलं, बाभळीखालून पोतं काढून दिलं आणि पंचांनी ते बघून सह्या केल्या, असं कागदावर होतं.

पोतं काढायला आमच्या घरी कुणी आलंच नव्हतं. वस्तीत पोलिसांची जीप शिरली असती तर पोरं नाल्यापर्यंत तिच्यामागे धावली असती. शेजारणीला विचारलं, विहारात बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणी जीप बघितली नव्हती. म्हणजे पंचनामा खोटा होता, याची मला खात्री होती. पण पंचनामा खोटा म्हणून नवरा खरा, असं काही होत नव्हतं. त्याचं ते न विचारता निघून जाणं माझ्या डोक्यातून हलत नव्हतं.

कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी नवऱ्याला विचारलं, "वकील दिलाय का?"

"नाही साहेब."

"ऐपत नाही?"

नवऱ्याने मान खाली घातली. साहेबांनी कारकुनाला काही सांगितलं. पुढच्या तारखेला आम्हाला वकील मिळाला. सरकारी खर्चाने गरिबाला वकील मिळतो, हे तेव्हा नवीन होतं. आमच्याकडे तर कुणी ऐकलंही नव्हतं.

सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या कोर्टाच्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "पोलीस सरकारचे. तो समोरचा वकील सरकारचा. न्यायाधीश सरकारचा. आन् आता आपला वकीलबी सरकारच देणार. मंग आपलं कोण हाय गं त्यात?"

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

वकील म्हणून आली ती बाई. तिशीची असेल. पांढरी साडी, काळा कोट, काखेत फाइल, आणि कोटाच्या खिशातून लुनाची किल्ली लोंबत होती. बोलणं शुद्ध, नदीपलीकडच्या जुन्या गावातलं. सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "आपल्यातली न्हाई."

वकीलबाईंनी आम्हाला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. नवरा पोलिसाच्या शेजारी बाकावर बसला होता, त्यालाही प्रश्न विचारायची परवानगी त्यांनी घेतली. मग सुरू केलं. घराचं दार कुठल्या दिशेला? मागे काय आहे? नाला घरापासून किती लांब? गोदामाला दारं किती, किल्ली कुणाकडे असते? पंच म्हणून ज्याची सही आहे तो माणूस ओळखीचा आहे का?

तो ओळखीचा होता. चौकीसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. वस्तीतल्या सगळ्या सायकली तोच बघायचा. दुसरा पंच कोण, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

वकीलबाई लिहून घेत होत्या. नवरा एकेका शब्दात उत्तर देत होता. मी वाट बघत होते, आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी फाइल बंद केली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या वेळी जामिनाचं बघू."

त्या निघाल्या तशी मी मागे गेले. "बाई, तुम्ही त्यांना विचारलंच नाही."

"काय?"

"चोरी केली का, ते."

त्या थांबल्या. "ते मी विचारत नाही. चोरी त्यांनी केली हे पोलिसांनी सिद्ध करायचंय. जमतं का त्यांना, ते मला बघायचंय."

"पण तुम्हाला जाणून घ्यायचं नाही?"

"तुम्हाला घ्यायचंय?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या काखेतल्या फाइलकडे बघितलं. त्या गेल्या.

घरी येईपर्यंत माझा ग्रह पक्का झाला होता. ह्या बाईने नवऱ्याला चोर धरलंय, म्हणून विचारत नाही. फुकटचं काम आहे, कसंतरी उरकणार.

मग जामिनाचा घोळ झाला. साहेबांनी जामीन मंजूर केला, पण जामीनदार आणायचा तर त्याच्या नावावर घर किंवा जमीन पाहिजे. आमच्या वस्तीत कुणाच्या नावावर काय असणार? सगळी घरं अशीच बांधलेली. रेल्वेतल्या एका काकांकडे सासूबाई तीनदा जाऊन आल्या. ते प्रत्येक वेळी चहा पाजायचे आणि म्हणायचे, "वहिनी, माझी नोकरी आहे." जामीन मिळूनही नवरा जेलातच राहिला. दर आठवड्याला आम्ही भेटायला जायचो. जाळीच्या पलीकडून तो म्हणायचा, "ती बाई काही करत नाही." मी म्हणायचे, "बघू." सासूबाई म्हणायच्या, "काय बघायचंय त्यात?"

आणि एके दिवशी तो सुटला. वकीलबाईंनी अर्ज केला होता, की ह्या माणसाला घर आहे, म्हातारी आई आहे, बायको आहे, तो पळून कुठे जाणार? जामीनदार परवडत नाही म्हणून त्याला आत ठेवणं म्हणजे गरीब असल्याची शिक्षा देणं. साहेबांनी जातमुचलक्यावर सोडलं. म्हणजे त्याने स्वतःच लिहून द्यायचं, की बोलवाल तेव्हा हजर राहीन.

आम्हाला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, रात्रीपुरता. सकाळी नळावर एकीने विचारलं, "जामीनदाराशिवाय कसा सोडला गं? माझ्या भावाला नाही सोडला." त्यात दुसरीची भर, "आतून काहीतरी असणार." नळावरून हंडा घेऊन घरी येईपर्यंत ते बोलणं माझंच झालं होतं. खरंच, कसा सोडला? त्या बाईने कुणाला काय सांगितलं? आणि त्याच्या बदल्यात आमच्याकडून काय लिहून घेतलंय? अंगठे सासूबाईंनी दिले होते, सह्या नवऱ्याने. वाचलं मी होतं. पण वाचलेलं सगळं कुठे कळत होतं?

नवरा घरात असून नसल्यासारखा होता. ठेकेदार कामावर घेत नव्हता. तो दिवसभर दारात बसायचा आणि रस्त्याकडे बघायचा. मी त्याच्याकडे बघायचे. जेवताना बघायचे, झोपलेला असताना बघायचे. मुकादमाचं नाव निघालं की तो उठून बाहेर जायचा. मी दोनतीनदा मुद्दाम नाव काढून बघितलं. दर वेळी उठला. पण तोंडाने विचारायचा धीर मला झाला नाही. 'हो' म्हणाला असता तर मी काय करणार होते?

अशात सासूबाई एक दिवस द्वारकेहून लवकर परतल्या. टोपलीत अर्धी मेथी तशीच होती. टोपली आपटून म्हणाल्या, "सांगत होते ना मी! आज डोळ्यांनी पायलं."

चौकात सिग्नलच्या अलीकडे वकीलबाईंची लुना थांबली होती, आणि बाई त्याच हवालदाराशी बोलत होत्या. आमच्या घरी आलेल्या हवालदाराशी. नुसत्या बोलत नव्हत्या, हसत होत्या. हवालदारही हसत होता. चहाचे ग्लास होते दोघांच्या हातात.

"ते दोघं एक हायेत," सासूबाई म्हणाल्या. "पोराला बाहेर काढला तो उगं न्हाई. आता निकालाच्या वक्ताला पुरा आत टाकतील."

नवरा म्हणाला, "मला आधीच वाटलं होतं."

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तोंडावर विचारू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी इंदिरानगरला गेलो. तेव्हा तिथे अर्धे प्लॉट मोकळे होते, घरं कुठेकुठे उभी राहत होती, विटांचे ढीग आणि वाळू. पत्ता विचारत विचारत पोचलो. वकीलबाईंचं घर दोन खोल्यांचं, रंग न दिलेलं. मी मनात बंगला धरून गेले होते. तरी मनात आलं, दाखवायला असं ठेवलं असेल.

बाईंनी पाणी दिलं. सासूबाईंनी पाण्याला हात लावला नाही. सरळ विचारलं, "तुमी त्या हवालदारासंगं काय हसत व्हता काल?"

वकीलबाईंचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "त्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. ते सांगत होता."

"आमच्या पोराला आत टाकणारा हाय तो."

"हो. आणि आता साक्षीला तो पिंजऱ्यात आला की मी त्याला खोटा पाडायचा प्रयत्न करणार आहे. त्याला ते माहीत आहे. तरी मुलीचं सांगितलं त्याने. आजी, आम्ही रोज एकाच आवारात असतो. पोलीस, वकील, कारकून, सगळे. मी चहा प्यायला कुठे जाऊ, सांगा."

"दुसऱ्याकडं जा," सासूबाई म्हणाल्या.

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "तुम्हाला माझा भरवसा वाटत नसेल तर तसा अर्ज करता येतो. दुसरा वकील मिळेल. मी स्वतः लिहून देते. मला राग नाही."

हे ऐकून सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आपण भांडायला यायचं आणि समोरच्याने दार उघडून द्यायचं, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्या उठल्या. आम्ही परतीची बस धरली. शालिमारजवळ म्हणाल्या, "गोड बोलती. लय गोड बोलती."

अर्ज काही आम्ही केला नाही. पण त्या दिवसापासून सासूबाई प्रत्येक तारखेला कोर्टात यायला लागल्या. पुढच्या बाकावर बसायच्या आणि वकीलबाईंवरून नजर काढायच्या नाहीत. बाई सरकारी वकिलाच्या कानाशी वाकल्या की ह्या पुढे सरकायच्या. शिपायाने दोनदा मागे बसवलं.

साक्षी सुरू व्हायच्या आधी मी वकीलबाईंना म्हटलं, "माझी साक्ष घ्या. पोतं काढायला पोलीस घरी आलेच नाहीत, मी सांगते."

"तुम्ही बायको आहात," त्या म्हणाल्या. "कोर्ट म्हणेल, बायको नवऱ्याला वाचवणारच. आणि समोरचा वकील तुम्हाला आणखी काय काय विचारेल. नको. शेजारचं कुणी येईल का?"

कुणी येणार नव्हतं. चौकी आमच्या रस्त्यावरच होती, तिला तोंड देऊन रोज जायचं होतं सगळ्यांना. पण मला साक्षीला घेत नाहीत, याचाही मी वेगळाच अर्थ लावला. जिला ठाऊक आहे तिलाच बाजूला ठेवतात, म्हणजे नवऱ्याला शिक्षाच व्हायला पाहिजे आहे यांना. आणि खोल कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. शपथ घेऊन उभी राहिले असते आणि समोरच्याने विचारलं असतं, "तुमच्या नवऱ्याने चोरी केली नाही असं तुम्हाला वाटतं का?" तर?

हवालदाराची साक्ष झाली. त्याने पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. दुसरा पंच गाव सोडून गेलाय, सापडत नाही, असं सरकारी वकिलांनी सांगितलं. मग सायकलवाला आला. धुतलेला सदरा, पण नखांत काळं वंगण तसंच. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना तो "हो, हो" म्हणत गेला. मग वकीलबाई उठल्या. आवाज चढवला नाही, काही नाही.

"आरोपीच्या घरी तुम्ही कसे गेलात?"

"पोलिसांच्या गाडीत."

"घराचं दार कुठल्या बाजूला आहे?"

"रस्त्याच्या."

"पोतं कुठून काढलं?"

"मागच्या अंगणातून."

"मागे अंगण आहे?"

"आहे ना."

"त्या घराच्या मागे भिंतीला लागून नाला आहे. वस्तीतल्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी तिथून वाहतं. वास येतो. तुम्ही तिथे उभे होतात, तर नाला ओलांडून गेलात की अलीकडेच थांबलात?"

सायकलवाल्याने हवालदाराकडे बघितलं. मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, "तिकडे नका बघू. इकडे बोला."

तो बराच वेळ कठड्यावर बोटं घासत राहिला. मग म्हणाला, "साहेब, मी दुकान सोडून कुठं गेलोच न्हाई. पोतं चौकीतच व्हतं. बांधलेलं. सही कर म्हणले, केली." थोडं थांबून त्याने आणखी सांगितलं, "माझं दुकान चौकीसमोर हाय."

सरकारी वकील उठले, साक्षीदार फितूर झाला म्हणाले, त्यांनी त्याला उलटसुलट विचारलं. तो तेच सांगत राहिला. बाहेर आल्यावर हवालदार त्याच्या शेजारून गेला, पण दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

आणि आम्ही? व्हरांड्यात सासूबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "ह्याला कुणी फोडला गं? ह्यो असा खरं बोलणारा न्हाई." मीही तोच विचार करत होते. खरं ऐकल्यावरसुद्धा आम्हाला ते पचत नव्हतं. पुढे बरेच दिवस मी त्याच्या दुकानासमोरून जाताना मान वळवून घ्यायचे. एकदा त्यानेच हाक मारली, "बाई, झोपच येत नव्हती हो मला." मी "बरं" म्हटलं आणि चालू लागले.

निकालाच्या दिवशी साहेबांनी भरभर वाचलं. आम्हाला एवढंच कळलं, की वकीलबाईंनी मागे वळून मान हलवली. बाहेर त्यांनी सांगितलं, "सुटलात. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त केलंय."

नवरा म्हणाला, "संशयाचा फायदा म्हणजे?"

"म्हणजे पोलिसांना सिद्ध करता आलं नाही. शंका राहिली, आणि शंका राहिली की तिचा लाभ आरोपीला मिळतो."

"म्हणजे मी चोरी केली नाही, असं म्हटलंय का कोर्टाने?"

"चोरी सिद्ध झाली नाही, असं म्हटलंय."

घरी आम्ही गूळ वाटला. पण त्या शब्दाने त्याला धरलं. ठेकेदाराकडे गेला तर तो म्हणाला, "सुटलास, पण संशयावर ना?" वस्तीत कुणी तरी थट्टेत म्हणालं, "काय, किती फायदा झाला?" तो त्याच्या अंगावर धावून गेला. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

एके दिवशी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाला, "चल, वकीलबाईंकडे जायचंय."

कोर्टाच्या आवारात त्यांचं टेबल होतं, व्हरांड्याच्या टोकाला. दुपारची सुट्टी होती, त्या डबा खात होत्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. नवरा बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "मला लिहून पाहिजे. मी चोर नाही असं."

"कोर्ट तसं लिहीत नाही."

"मग तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं? मी चोरी केली?"

वकीलबाईंनी त्याला बाक दाखवला. "मी तुम्हाला कधीच विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "खटला चालू होता तोवर मला ते नको होतं. आता खटला संपला. सांगायचं असेल तर सांगा. मी ऐकते."

नवरा बसला. आणि मी जे वर्षभर विचारू शकले नव्हते ते तो त्या परक्या बाईला सांगायला लागला.

मुकादमाने त्याला दोनदा पोतं दिलं होतं. शनिवारी संध्याकाळी, काम सुटताना. द्वारकेजवळ एका भंगारवाल्याकडे सायकलवरून पोचवायचं. भंगार आहे, साहेबांनी सांगितलंय, असं मुकादम म्हणाला होता. "पोतं जड होतं," नवरा म्हणाला. "आकार लहान आणि जड. मी रोज वायर उचलतो बाई. आत काय असेल ते मला कळलं. मला संशय आला. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सोमवारी काम नसतं. भंगारवाल्याने चहा-भजी दिली, ती मी खाल्ली. नेलं फक्त. घेतलं काही नाही. पण नेलं. पोलीस आले तेव्हा मला वाटलं, बरोबरच आलेत."

पलीकडे कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता.

"मुकादमाचं नाव का नाही घेतलंत चौकीत?" बाईंनी विचारलं.

"घेतलं होतं. पहिल्याच दिवशी. त्यांनी लिहिलंच नाही. मग मारलं. मग मी नाही घेतलं."

वकीलबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराला पुसला. "मला विचारलंत म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्ही चोर नाही, असं मला वाटतं. घाबरलात, एवढंच. पण हे माझं मत झालं. ते कुठे लिहिता येणार नाही."

"चालेल," नवरा म्हणाला.

बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. मला रडू येत होतं आणि रागही. मी म्हटलं, "तिला सांगितलं. मला का नाही सांगितलं कधी?"

"तू विचारलंस कुठे?"

"तुम्ही सांगायचं होतं."

"तू रोज माझ्याकडे बघायचीस," तो म्हणाला. "पंचनामा करत असल्यासारखी."

खोटं काय होतं त्यात? त्या संध्याकाळी आम्ही बरंच बोललो, भांडलोही, आणि सासूबाईंना त्याने पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी मुकादमाला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या आणि मग पोराच्या पाठीवर एक धपाटा मारला. "तोंड दिलंय ना देवानं? विचारायचं!" आमच्या घरात देव नव्हता, पण सासूबाईंच्या तोंडी तो अजून राहिला होता.

पुढे त्याला द्वारकेच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये हमालीचं काम लागलं. तिथे तो प्रत्येक पोत्याला हात लावायच्या आधी विचारायचा, "काय आहे ह्यात?" बाकीचे हमाल वैतागायचे. ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला दोनदा झापलं, पण काढलं नाही. सासूबाई वकीलबाईंकडे दर महिन्याला मेथीची, कोथिंबिरीची जुडी पाठवायच्या. माया म्हणून नव्हे. "तिचं आपल्याकडं काय ऱ्हायला नको," म्हणायच्या. बाईंवर त्यांचा विश्वास शेवटपर्यंत बसला नाही. हवालदाराबरोबरचा तो चहा त्या विसरल्या नाहीत.

मी मात्र हळूहळू वकीलबाईंकडे लोकांना घेऊन जायला लागले. बालवाडीत मुलं सोडायला येणाऱ्या बायकांची कधी काय, कधी काय प्रकरणं असायची. कुणाला नवऱ्याने टाकलेलं, कुणाच्या घराची जागा दिराने दाबलेली. मी म्हणायचे, फुकट वकील मिळतो. त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की मला सासूबाईच आठवायच्या.

एक बाई होती, मळ्यात फुलं तोडायला जाणारी. नवऱ्याने दुसरी आणली होती आणि हिला पोरासकट बाहेर काढलं होतं. तिला पोटगी मागता येईल, असं मी सांगितलं. दोन महिने तिने टाळलं. एक दिवस आपण होऊन आली, "चला." बसमध्ये ती खिडकीकडे सरकून बसली, पिशवी पोटाशी धरून. द्वारका गेल्यावर तिने विचारलं, "ताई, तुमाला काय भेटतं ह्यात?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"नाही."

ती बाहेर बघत राहिली. माझं म्हणणं तिला पटलं नाही, हे तिच्या मानेवरून कळत होतं. मलाही पटलं नसतं.

कोर्टाच्या आवारात मी तिला टेबलापर्यंत नेलं. वकीलबाईंचे केस आता कानाशी पांढरे झाले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. मीही शेजारी टेकणार, तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, तुमी भाईर थांबा. मला एकटीला बोलायचंय बाईसंगं."

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली आणि आवारात येऊन कट्ट्यावर बसले. लांबून दिसत होतं, पहिल्यांदा ती नुसतीच मान हलवत होती. मग पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली आणि बोलायला लागली.